ओल्या रुमालावरचा ग्लास

सक्करदरा तलावाजवळच्या चहाच्या टपरीवर ते काका रोज संध्याकाळी दिसत. बसले की आधी खिशातला रुमाल पाण्यात भिजवून पिळायचे, बाकावर पसरायचे आणि त्यावर चहाचा ग्लास ठेवायचे. रोजरोज ते बघून मला वैताग यायचा. एकदा विचारलंच, "काका, हे काहून?"

"जहाज डोललं तरी ओल्या कपड्यावर ग्लास सरकत नाही गा."

नागपुरात कसलं आलंय जहाज! पण त्यांची उमेदीची सगळी वर्षं एका प्रचंड प्रवासी जहाजाच्या लॉन्ड्रीत गेली होती. वर पोहण्याचे तलाव, काचेची नाचघरं. लॉन्ड्री मात्र पार तळाशी, पाण्याच्या पातळीखाली, बिनखिडकीची. पुढे जास्त प्रवासी मावावेत म्हणून मालकांनी जहाज मधोमध कापून नवा तुकडा जोडला. मग जहाज विकलं गेलं, रंग बदलला, नाव बदललं. लॉन्ड्री तिथेच राहिली.

"लोक मले विचारते, समुद्र कसा असते? मले काय माहीत? मी तं चादरीच पाह्यल्या."

गेल्या महिन्यात त्यांनी मोबाइलवरचा एक फोटो माझ्यापुढे धरला. त्यांचं जहाज भंगारात निघालं होतं. किनाऱ्यावर ओढून, गॅसकटरनं कापलेल्या त्याच्या पोटात कपडे धुण्याची यंत्रं उघडी पडली होती.

"पाह्य गा, आमच्या लॉन्ड्रीत ऊन आलं."

बराच वेळ ते त्या उन्हाकडे बघत राहिले. मग चहा आला. त्यांनी ग्लास कोरड्या बाकावरच ठेवला.