डब्यावरचं पाखरू

“ही आपल्या बी-विंगमधलीच बाई हाय. लाव पैज,” काकू आईला म्हणत होत्या.

मी आतल्या खोलीत होते. दार अर्धं लोटलेलं, समोर पुढच्या रविवारच्या तीन चौकटी पेन्सिलने आखलेल्या. माझा हात तिथेच थांबला. बाहेर पेपरचा कागद वाजला. काकू समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. दर रविवारी त्या सानपाडा-वाशीपुरती निघणारी चार पानी पुरवणी घेऊन आमच्याकडे यायच्या, कारण त्यातली कॉमिक स्ट्रिप एकटीने वाचून त्यांना नीट हसू यायचं नाही.

त्यांनी मोठ्याने वाचलं. पहिल्या चौकटीत जाड चष्म्याची एक बाई नव्या बिऱ्हाडाला चटणीचा डबा देते. दुसरीत डबा देता देता त्यांच्या खांद्यावरून स्वयंपाकघरात डोकावते. तिसरीत जिन्यात भेटलेल्या शेजारणीला सांगते, “फ्रीज नवा हाय, सासू मात्र जुनीच.”

काकू खोकला येईपर्यंत हसल्या. आईही हसली, जरा जास्तच वेळ. ते वाक्य काकूंचंच होतं. महिन्यापूर्वी आमच्या दारात चपला घालता घालता त्या ते आईला बोलल्या होत्या.

मी दोन वर्षं ती स्ट्रिप काढत होते. हे फक्त आईला माहीत होतं. चित्राखाली माझं नाव नसायचं, ती माझी एकच अट होती. संपादकांना मी कधी भेटले नव्हते. त्यांचा फोन आला की तो वाजून बंद होऊ द्यायचा आणि मग मेसेज करायचा, अशी माझी पद्धत. अगदी सुरुवातीला मी पाठवलेल्या चार स्ट्रिप्सवर त्यांचा व्हॉइस मेसेज आला होता: चित्रं चांगली आहेत, पण तुमच्या बायका बातम्या दिल्यासारख्या बोलतात, घरात असं कोण बोलतं?

त्यांचं बरोबर होतं. मी इंग्रजी शाळेतली. शाळेने सांगितलं म्हणून आई घरातही माझ्याशी अडखळत इंग्रजीच बोलायची. माझ्या कानात जी मराठी होती ती काकूंची. शाळा सुटल्यापासून आई ऑफिसमधून येईपर्यंत मी त्यांच्याकडे असायचे. त्या भाकरी थापत बोलायच्या, मी ओट्याखाली बसून ऐकायचे. मी उत्तर दिलं नाही तरी त्यांचं काही अडायचं नाही. म्हणून त्या व्हॉइस मेसेजनंतर मी एक वही केली आणि काकू जे बोलतील ते जसंच्या तसं लिहायला लागले. डबा घेऊन जाणारी आणि प्रत्येक घरातून बातमी घेऊन येणारी बाई त्या वहीतून आली. मी तिला काकूंच्या दुप्पट जाड केलं, चष्मा दिला, नाक बदललं.

पहिले सहा महिने मला स्ट्रिप बंद पडेल याची भीती वाटायची. नंतर ती बंद पडत नाही याची वाटायला लागली. लोक लिफ्टमध्ये तिच्याबद्दल बोलायचे. मी मोबाइलमध्ये बघत उभी राहायचे आणि मजला आला की सगळ्यांच्या आधी बाहेर पडायचे. काकूंना कळलं तर काय, हे आई आणि मी कधी बोललो नाही. आमच्या घराची दुसरी किल्ली काकूंकडे होती. आईला ताप आला तर पेज काकूंकडून यायची. दुसरं कोणी नव्हतंच.

मग एका रविवारसाठी मी तिचा डबा जवळून, झाकणासकट काढला.

मला मनाने काही काढता येत नाही, वस्तू समोर लागते. काकूंचा एक स्टीलचा डबा तेव्हा आमच्याकडेच होता. त्यातून शेंगदाण्याची चटणी आली होती, आणि रिकामा डबा परत द्यायचा नसतो म्हणून आई त्यात घालायला काहीतरी चांगलं होण्याची वाट बघत होती. मी तो टेबलावर ठेवला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी काकूंच्या यजमानांचं नाव कोरलेलं होतं. ते मी अर्थातच गाळलं. नावापुढे एक लहानसं पाखरू होतं, चोच उघडी असलेलं. नाव गेल्यावर झाकण मोकळं दिसत होतं, म्हणून पाखरू ठेवलं. मला वाटलं, भांड्याच्या दुकानात सगळ्यांनाच असं कोरून देत असतील.

ती स्ट्रिप छापून आली त्या रविवारी काकू आल्या नाहीत.

सोमवारीही नाही. मंगळवारी जिन्यात भांडी वाजल्याचा आवाज आला. मी दाराच्या भिंगातून बघितलं. काकू पिशवी घेऊन मजल्यामजल्यावरून आपले डबे परत मागत होत्या. वरच्या मजल्यावरची बाई विचारत होती, काय झालं, गावाला चाललात का. काकू काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. मी आत जाऊन वही कपाटात कपड्यांच्या खाली सारली. मग ती जागा फार उघड वाटली आणि दप्तरात घातली.

बुधवारी संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या. आई नुकतीच ऑफिसमधून आली होती. मी आतल्या खोलीच्या दारात उभी राहिले, कारण आत गेले असते तर लपल्यासारखं दिसलं असतं. काकूंनी पिशवीतून सहा डबे काढून टीपॉयवर मांडले आणि शेजारी पुरवणीचं कात्रण ठेवलं.

आमचे हे रबाळ्याच्या कंपनीत होते ना, त्या सांगायला लागल्या. तिथं नाव कोरायचं मशीन होतं. लग्नातली सगळी भांडी एकेक करून तिकडे नेली, सुट्टीच्या वेळात नावं घातली. नाव झालं की शेवटी एक पाखरू काढायचे, उगाच, मला हसवायला. प्रत्येकावर वेगळं. हे बसलेलं, हे मान वळवलेलं. त्या एकेका झाकणावर बोट ठेवत गेल्या. सहाही पाखरांच्या चोची मिटलेल्या होत्या.

“चोच उघडलेलं एकच हाय,” त्या म्हणाल्या. “ज्यानं हे काढलं, त्याच्यासमोर माझा डबा होता. एवढंच कळतंय मला.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. मग कात्रणातल्या जाड बाईकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, दोन वर्षं हिला बघून हसले मी.

आईने माझ्याकडे बघितलं नाही. ती म्हणाली की तो डबा तिने मागच्या महिन्यात ऑफिसमध्ये नेला होता, तिथे दोन-तीन दिवस राहिला, तिथे काय, कुणीही बघितला असेल. आई खोटं बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळते. काकूंना ते माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्या तिच्या बोटाकडे बघत होत्या.

“बरं,” काकू म्हणाल्या. सहा डबे एकात एक बसत नव्हते, तरी त्यांनी ते पिशवीत कोंबले. आई म्हणाली, थांबा, आज लाडू करते, डबा उद्या आणून देते.

“रिकामाच दे.”

एवढ्या वर्षांत आमच्या घरातून त्यांचा डबा कधी रिकामा गेला नव्हता. आई ओट्याकडे गेली, डबा घेऊन आली, उगाचच पदराने पुसला. काकूंनी तो पिशवीत टाकला नाही. हातात धरला, उघड्या चोचीवर अंगठा ठेवला आणि दाराकडे वळल्या. मला वाटलं, आता दार लागलं की किल्लीही परत येईल. चपला घालायला त्यांना नेहमी वेळ लागतो, कारण बोलणं चालू असतं; त्या दिवशी त्या भराभर घालत होत्या. एक चप्पल झाली. मी आतल्या दारातून पुढे आले.

“डबा माझ्यासमोर होता, काकू.”