आबांच्या नावाचा रकाना

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, देव जाणे — तुम्ही आमच्या पोशीर गावचे नाही, म्हणून असेल.

मी पायलट झालो नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. का झालो नाही, तेही माहीत आहे — म्हणजे त्यांना तसं वाटतं. आबांमुळे. माझ्या वडिलांना फिट येते. पायलटच्या मेडिकलला घरातल्यांचे आजार विचारतात, तिथं आबांची फिट निघाली आणि पोराचं काम अडकलं. इतकी वर्षं झाली तरी टपरीवर कुणी ना कुणी हेच चघळत बसलेलं असतं. असा वैताग येतो. पण वैतागू कुणावर?

मुळात त्या फ्लेक्सनं घात केला. आमच्याकडे काम व्हायच्या आधी फ्लेक्स लागतो. बारावी झाली, विमान शिकायचा अर्ज भरला, की लगेच चुलत्यानं नाक्यावर माझा फोटो टांगला — मागे विमान, वर तालुक्यातले झाडून सगळे पुढारी, खाली ‘भावी पायलटचे हार्दिक अभिनंदन’. अहो काका, मेडिकल व्हायचंय अजून, म्हटलं. ऐकतंय कोण? म्हणाले, “धडधाकट तर हायस.”

मेडिकलला मुंबईला गेलो. कान, छाती, रक्त — सगळं ठणठणीत. मग डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. त्या ठिपक्यांत म्हणे आकडा असतो. मला नुसते ठिपके दिसत होते. पान उलटलं, तेच. मग दिवे लावले — लाल की हिरवा, सांगा. मी अंदाजपंचे सांगत सुटलो. लहानपणी आई परसातल्या लाल मिरच्या तोडायला पाठवायची आणि मी हिरव्या घेऊन यायचो. तिला वाटायचं, टंगळमंगळ करतो. तेव्हाच कळायला नको होतं? डॉक्टर म्हणाले, हे जन्मापासूनचं, बहुतेक आईकडून येतं. आणि कागदावर ‘अनफिट’ लिहून दिलं.

आईकडून. म्हणजे आबांचा काडीचा संबंध नव्हता.

नेरळहून रिक्षानं नाक्यावर उतरलो. फ्लेक्सखाली चुलता, चार-सहा गाववाले, आणि — आबा. नवी टोपी घालून आले होते. आता या सगळ्यांसमोर काय सांगायचं, मला लाल-हिरवं कळत नाही? जन्मभर ‘सिग्नल’ म्हणून हाक मारली असती. एवढीच भीती, हो. एवढ्याचसाठी. चुलत्यानं विचारलं, काय झालं रं? आणि मी म्हणालो — आबांची फिट नडली.

सगळ्यांनी आबांकडे बघितलं. आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. कागद दाखव, असं कुणी म्हणालं नाही. म्हणाले असते, तर बरं झालं असतं का? कोण जाणे. तो कागद मी त्याच संध्याकाळी चुलीत घातला.

तेव्हापासून आबा फिटीची गोळी गोठ्यात जाऊन घेतात, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. माझ्या लग्नात मुलीकडच्यांसमोर आलेच नाहीत, मांडवामागे भांड्यांपाशी बसून राहिले. आणि मला त्यांचाच राग यायचा. माणसानं इतकं काय मनाला लावून घ्यायचं? — हे मी म्हणतोय. मी. निर्लज्जपणा बघा.

गेल्या महिन्यात मुलाच्या शाळेतून तब्येतीचा फॉर्म आला. खोपोलीच्या कारखान्यातली ड्युटी करून आलो आणि भरायला बसलो. एक रकाना होता — घरात कुणाला काही आजार? पेन हातात होतं, तेवढ्यात आबा जवळ आले.

“माजं नाव लिवू नको रं,” म्हणाले. “तुज्या वेळंला झालं तेवढं बास.”

घरात आम्ही दोघंच होतो. मला वेळ होता, तोंड होतं. पुढ्यात माझा बाप उभा होता, फॉर्मकडे टक लावून.

मी रकान्यात ‘कुणाला नाही’ लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. “बरं केलंस,” म्हणाले, आणि गोळी घ्यायला गोठ्याकडे गेले.