तुलनेसाठी घेतलेले केस

शंकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. विद्यापीठात न्यायवैद्यक शास्त्राच्या वर्गात ती बाटलीवरची चिठ्ठी चारदा वाचायची, मुलींनी वैतागून तिचं हे बारसं उरकलं होतं. तिने फारसं मनावर घेतलं नाही.

त्या आठवड्यात केसांतलं शिसं शोधायचं होतं. बाईंनी दिलेले संशयित केस आम्लात विरघळवून यंत्रात घालायचे आणि सोबत तुलनेला कुणाचे तरी स्वच्छ केस ठेवायचे. बाकीच्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसल्या. शंकीने सरळ आपल्याच डोक्याला कात्री लावली. माझ्याइतके स्वच्छ केस कुणाचे असणार? जगावर संशय घ्यायला शिकत होती बिचारी, स्वतःवर घ्यायचं काही सुचलं नाही.

दुपारी आकडे आले. संशयित केसांत शिसं होतं, ते असणारच होतं. शंकीच्या केसांत त्याच्या दुप्पट होतं.

चिमटा नीट धुतला नसेल, नळी घाण असेल, असं ती मनाला समजावू लागली. आपली चूक निघावी म्हणून ती जन्मात पहिल्यांदाच हात जोडत होती. नव्या नळ्या घेतल्या, पुन्हा केस कापले, पुन्हा धुतले. शेजारी नुसत्या आम्लाचा कोरा नमुना चालवला. भांड्यात किंवा आम्लात शिसं असतं, तर ते तिथेही दिसलं असतं. कोरा नमुना कोराच निघाला, आणि केसांचा आकडा जागचा हलला नाही.

बाईंनी कागद दोनदा पाहिला. “घरी कसलं काम चालतं?”

“बाबा गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडतात, शिशासाठी. मागच्या खोलीत.”

“त्यांचे कपडे कोण धुतं?”

इतकी वर्षं शंकीच धुवायची. परीक्षा जवळ आली तसं ते काम ताईने आपल्याकडे घेतलं होतं, आणि ताईला सातवा महिना होता.

“उद्याच सगळ्यांचं रक्त तपासून घ्या,” बाई म्हणाल्या. “आणि ताईला त्या कपड्यांना हात लावू देऊ नकोस. शिसं आईकडून बाळापर्यंत जातं.”

शंकीने ताईला फोन लावला, तो कुणी उचलला नाही. बसमध्ये आणखी सहादा लावला. प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्या माणसांचा तिला राग येत होता. स्टॉपपासून घरापर्यंत ती धावतच गेली.

अंगणात ताई उभी होती, पदर खोचलेला, हातात बाबांचा शर्ट. तिने तो जोरात झटकला. उन्हात करडी धूळ उडाली आणि तिच्या तोंडावर बसली.

“ताई, टाक ते! टाक आधी!”

“अगं, केवढ्यांदा ओरडतेस! पोटातलं दचकलं ना.” ताईने खोकत पुन्हा एकदा शर्ट झटकला. “तूच नाही का म्हणालीस, धूळ झाडल्याशिवाय भिजवायचे नाहीत म्हणून? रोज न चुकता झाडते हो मी.”