एकसष्टावी पेटी

बाळांनो,

तुमच्या धाकट्या आजोबांनी, म्हणजे माझ्या दिरांनी, विमानाने पाठवलेल्या संत्र्यांची गोष्ट तुम्हाला व्हिडिओ कॉलवर सांगितली, हे मला परवा कळलं. त्यांच्या गोष्टीत विमान त्यांच्यासाठी पाऊण तास थांबलं, आणि थांबायचं कारण म्हणजे तुमच्या आजीने पेट्या मोजताना केलेली चूक. पहिला भाग खोटा आहे. दुसऱ्या भागाला लेखी पुरावा आहे, त्यावर माझी सही आहे, आणि तोही खोटा आहे. दर वेळी ते या गोष्टीत थोडी भर घालतात. आणखी दोन दिवाळ्या गेल्या की ती इतकी पक्की होईल, की मलाच खरी वाटू लागेल. म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

आपली बाग सौंसरहून मोहगावकडे जाताना डाव्या हाताला आहे. मी राहते पांढुर्ण्यात, धाकटे आजोबा राहतात बागेत. त्यातली निम्मी झाडं तुमच्या आजोबांनी नोकरी सांभाळून, रविवारी रविवारी जाऊन लावली होती. ते गेल्यावर सगळं धाकट्यांनी पाहिलं आणि नीट पाहिलं, हे मान्य केलं पाहिजे. पण गेल्या काही वर्षांत त्यांचं मन उडालं होतं. बहार गळायचा, व्यापारी यायचा, एक फळ हातात घेऊन आजारी माणसाकडे बघावं तसं बघायचा आणि जायचा. त्यात पांढुर्णा जिल्हा झाला. म्हणजे कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या आणि ज्याच्या त्याच्या शेतात प्लॉट दिसू लागले. धाकट्यांनाही दिसले. सगळी झाडं काढायची आणि प्लॉट पाडायचे असं त्यांनी ठरवलं, आणि जेसीबीवाल्याला सोमवार सांगूनही टाकला.

त्यांचा मुलगा, तुमचा काका, नागपूरला विमानाने माल पाठवणाऱ्या एका कंपनीत आहे. तो धावत माझ्याकडे पांढुर्ण्यात आला; त्या दिवशी धाकटेही इथेच होते.

"बाबा, एक खेप. फक्त एक खेप आखाती देशात पाठवून पाहू. तिकडचा व्यापारी तयार आहे."

"पाठव न. मी कुठं नाही म्हणून राहिलो? पोचली धड, अन् त्या लोकायनं पुन्हा मागितली, तं झाडं ठेवतो. नाही तं जेसीबी सोमवारी येते."

तो बुधवार होता. मी मध्ये काही बोलले नाही. धाकट्यांना कोणी समजावलं की ते हट्टाने उलटं करतात, हे मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं. पण ती झाडं मला हवी होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने सौंसरला गेले आणि म्हणाले, कागदपत्रं माझ्याकडे द्या.

काकाने पांढऱ्या चिठ्ठ्यांची एक गुंडाळी आणली होती. बोटभर लांब चिठ्ठी, उजेडात धरली की आत चकलीसारख्या चंदेरी रेषा आणि मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका. त्याला आरएफआयडी म्हणतात. आत सेल नाही, दिवा नाही. विमानतळावर एक चौकट असते. चिठ्ठी लावलेली पेटी तिच्यातून गेली की चौकट रेडिओच्या लहरींनी विचारते, कोण आहे? चिठ्ठी त्याच लहरींच्या जोरावर आपला नंबर सांगते. मग पेटी कुठे पोचली ते इकडे फोनवर दिसतं. मला हे लगेच समजलं, कारण चौतीस वर्षं मी वर्गात हजेरी घेतली आहे. फरक एवढाच, की चिठ्ठ्या एकमेकींच्या वतीने "हजर" म्हणत नाहीत.

धाकट्यांनी एक चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"हा एवढासा कागद पेटीचा पत्ता सांगते?"

"हो बाबा. जगात कुठंही."

"मंग आपली म्हैस हरवली तवा कुठं होता हा?"

"तवा निघाला नव्हता, बाबा."

"म्हशीच्या टायमाले नाही निघाला, संत्र्याच्या टायमाले निघाला. वा रे शहाणा!"

साठ पेट्या भरल्या. फळ फक्त बागेच्या वरच्या अंगाच्या झाडांचं, कारण त्या व्यापाऱ्याला एकाच मापाचं हवं होतं आणि खालच्या झाडांची फळं बारीक होती. साठ चिठ्ठ्या मी माझ्या हाताने चिकटवल्या, प्रत्येक पेटीच्या उजव्या कोपऱ्यात, कड सरळ ठेवून. यादी करून दोनदा ताडून पाहिली. शुक्रवारी सकाळी पिकअपमध्ये माल चढला, तेव्हा तिसऱ्यांदा मोजल्या. साठ. मग जावेने चहाला हाक मारली आणि मी आत गेले. चहाला पाच मिनिटं लागली असतील. या पाच मिनिटांबद्दल तुमचे धाकटे आजोबा तुम्हाला काही सांगत नाहीत.

आपल्याकडे मोजून झालं की वरून घालतात, हे तुम्हाला ठाऊक नसेल. तुमच्या तिकडे किलो म्हणजे किलो. इथे दूधवाला माप ओतून झाल्यावर एक धार वरून सोडतो. संत्र्याच्या शेकड्यावर पाच फळं वरची असतात, आणि माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून आपल्या बागेतून निघालेल्या प्रत्येक गाडीत एक पेटी वरची जाते. ती यादीत नसते. ती घेणाऱ्याने मागायची नसते आणि देणाऱ्याने सांगायची नसते. मोजलेलं तेवढंच देणारा माणूस आमच्या घरात हलका समजला जातो.

पिकअपमध्ये पुढे ड्रायव्हर, मध्ये मी आणि दाराशी धाकटे, असे आम्ही नागपूरला पोचलो. काका विमानतळाच्या मालाच्या शेडपाशी वाटच पाहत होता. विमान संध्याकाळचं होतं, पण माल साडेतीनपूर्वी आत गेला पाहिजे होता. आम्ही दोनलाच हजर होतो. मी तर घरून वेळापत्रक लिहून आणलं होतं.

पेट्या चौकटीतून गेल्या. पडद्यावर आकडा चढत गेला आणि साठवर थांबला. माझ्या यादीत साठ, यंत्रात साठ. पूर्ण वर्ग हजर असला की जसं वाटायचं तसं मला वाटलं. धाकट्यांनीही मान डोलावली, जसं काही यंत्र त्यांच्याच सल्ल्याने बसवलं होतं.

मग माल काट्यावर गेला, आणि वजन एका पेटीने जास्त भरलं.

तिथल्या अधिकारी बाई तरुण होत्या, हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी पुन्हा वजन केलं. पुन्हा तेच. त्या माझ्याकडे आल्या, कारण यादी माझ्या हातात होती.

"माताजी, लिस्ट में साठ, मशीन में साठ, और काँटे पर एक पेटी ज़्यादा. ये कैसे?"

मी धाकट्यांकडे पाहिलं. ते छपराचे पत्रे पाहत होते.

"भाऊजी?"

"वरची आहे," ते म्हणाले. "अजून काय असते? रिकाम्या हातानं पाठवू काय माल?"

"साठ पेट्या म्हणजे रिकामे हात?" काका ओरडला. "बाबा, तिले टॅग नाही! यंत्रासाठी ते पेटी नाहीच!"

"नसन यंत्रासाठी. खाणाऱ्यासाठी तं आहे न?"

आता खरी पंचाईत सांगते. चिठ्ठी नसलेली पेटी यंत्राला दिसत नाही. जी दिसत नाही तिच्यात काय आहे हे कोणाला माहीत नाही, आणि विमानतळावर माहीत नसलेल्या पेटीचा अर्थ फार वाईट होतो. चोराला पकडायला बसवलेल्या यंत्रणेत आमचा दानशूर सापडला होता. सगळा माल बाजूला घेतला. हमालांनी एकेक पेटी हातातल्या यंत्राने तपासली आणि शेहेचाळिसाव्या पेटीनंतर बिनचिठ्ठीची सापडली. तोवर पावणेतीन झाले होते. मग साठही पुन्हा तपासणीतून काढायच्या, आणि त्याआधी जास्तीची पेटी का आली याचं लेखी कारण हवं.

"काका, क्यों रखी ये?" बाईंनी धाकट्यांना विचारलं.

"खुशी से रखी, मॅडम. हमारे में रखते हैं."

बाईंनी फॉर्म पाहिला. मग अगदी मनापासून, थट्टा न करता म्हणाल्या, "खुशी का कॉलम नहीं है, काका."

कारणं तीनच छापलेली होती. नमुना, नजरचूक, आणि इतर. नमुना म्हणावं तर त्याचे कागद आधी लागतात. इतर म्हणावं तर वरच्या साहेबांची सही लागते, आणि साहेब बाहेर गेले होते. राहिली नजरचूक.

"लिहा बाबा, नजरचूक. करा सही," काका म्हणाला.

"मी नाही करत."

"तीन वाजले!"

"वाजू दे. माह्या बापानं जनमभर नजरचूकच केली काय? समजून-उमजून ठेवली म्या पेटी. चूक कायची?"

काका हात जोडायचा तेवढा राहिला होता. धाकटे खुर्चीत बसले होते, हाताची घडी घालून, आणि त्यांचा चेहरा मला चांगला ओळखीचा होता. या चेहऱ्याने ते माल परत सौंसरला नेऊ शकत होते आणि सोमवारी जेसीबीवाल्याला चहा पाजू शकत होते. विशेष म्हणजे, ते खरं बोलत होते. त्या शेडमध्ये त्या वेळी खरं बोलणारा तेवढा एकच माणूस होता आणि त्याच्या खरेपणाने साठ पेट्या अडल्या होत्या.

मी फॉर्म ओढून घेतला.

चौतीस वर्षांत माझ्या गुणपत्रिकांमध्ये बेरजेची एक चूक निघाली नव्हती. मुख्याध्यापक इतरांचे कागद तपासायचे, माझ्या कागदांवर नुसती सही करायचे. मी चष्मा लावला आणि स्वच्छ इंग्रजीत लिहिलं, की माल चढवताना माझ्याकडून मोजण्यात चूक झाली, वयामुळे लक्षात आलं नाही, क्षमा असावी. वयाचं लिहायची गरज नव्हती. पण खोटं लिहायचंच तर ते पटेल असं लिहावं, असं मला वाटलं. बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे कीव करून पाहिलं आणि म्हणाल्या, "होता है माताजी, इस उमर में."

धाकटे हे ऐकत होते.

तीन वाजून बावीस मिनिटांनी साठ पेट्या आत गेल्या. एकसष्टावी बाहेर काढून आमच्या स्वाधीन केली. ती परत न्यायला धाकटे तयार नव्हते. दिलेली वस्तू गाडीत घालून घरी नेतात का, असं ते काकालाच विचारत होते. शेवटी फाटकाबाहेर पेटी उघडली. हमालांनी, ड्रायव्हरांनी, बाहेरच्या चहावाल्याने संत्री खाल्ली. अधिकारी बाई घरी निघताना थांबल्या, आंबट तर नाहीत ना विचारलं आणि दोन घेऊन गेल्या.

परतीच्या वाटेवर, सावनेर मागे पडल्यावर धाकटे म्हणाले, "वहिनी, तुमचं अक्षर अजूनही मस्त आहे."

बस, तेवढंच. आभार मानणं आमच्यात त्याच्यावर जात नाही.

त्यानंतर दोन दिवस काका बागेतच राहिला, आणि त्याचा फोन आणि धाकटे वेगळे झाले नाहीत. म्हशीच्या नावाने ज्या कागदाची टर उडवली, त्याचीच ते दर तासाला चौकशी करत होते. "पाह्य रे, कुठं आहे माल?" मधल्या विमानतळावर पडद्यावर एकोणसाठ दिसल्या तेव्हा त्यांनी जेवण अर्धं टाकलं. काकाने समजावलं, की संत्र्यात पाणी असतं, पाण्यातून लहरी नीट जात नाहीत, ढिगाच्या आतल्या पेटीची चिठ्ठी कधी कधी बोलत नाही. "दबली असन बिचारी," ते म्हणाले, घरातल्या कोणाबद्दल बोलावं तसं. रविवारी दुपारी मुक्कामावर साठ दिसल्या. संध्याकाळी व्यापाऱ्याचा निरोप आला. फळ चांगलं पोचलं. असंच, याच मापाचं, पुन्हा पाठवा.

याच मापाचं म्हणजे वरच्या अंगाचं. धाकट्यांनी शब्द पाळला, पण शब्दात जेवढं बसत होतं तेवढाच. सोमवारी खालच्या अंगाच्या झाडांसाठी जेसीबी आला. मी त्या दिवशी मुद्दाम पांढुर्ण्यात राहिले.

पुढच्या खेपांनाही यादी मीच करते. आता ते वरची पेटी पाठवत नाहीत, प्रत्येक पेटीत दोन फळं वरची घालतात. वजन थोडं इकडे-तिकडे चालतं, आणि चिठ्ठी पेट्यांची असते, फळांची नसते. मी पाहते आणि काही लिहीत नाही. मात्र गोष्ट सांगताना मोजण्यातली चूक ते अजून माझ्याच नावावर ठेवतात. विचारलं तर म्हणतात, "वहिनी, सही तुमची आहे न."

खालच्या अंगाला आता प्लॉटचे दगड रोवले आहेत, त्यातले दोन वाकडे आहेत. वरच्या अंगाला एकशे बारा झाडं उभी आहेत.