तीन मण बारा, एक मण सोळा

चैत्रात, मंगळवारी, माझे भाऊजी वारले.

सरासरीपायी त्यांच्याइतका वेडा झालेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नव्हता. माझ्या तरुणपणी अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. अकोल्यात जो तो दागिने घडवत होता आणि भाऊजी गणिते घडवत होते. ते एका अडत्याकडे कापूस पारखत. बाकीचे पारखी गाडीतला वरचा मूठभर कापूस पाहत. हे खांद्यापर्यंत हात खुपसत, कारण वर चांगला आणि खाली हलका माल भरायची रीत त्यांना पक्की ठाऊक होती. मिशांत कापूस घेऊनच घरी येत आणि तसेच मला शिकवायला बसत.

अमरावतीच्या नव्या शाळेत शिक्षकाची जागा निघाली होती. परीक्षेत नापास झालो तर मला गावी जाऊन वखर धरायचा होता, आणि माझ्या हातातल्या वखराला माझ्यापेक्षा बैलच अधिक घाबरले असते.

"तीन मण कापूस, मणाला बारा शेर रुई. दुसरा एक मण, त्यात सोळा शेर. मिसळला तं मणाला किती?" भाऊजी विचारत.

मी बारा आणि सोळा मिळवून निम्मे करी. चौदा!

"अबे, तीन मण अन् एक मण तुले सारखेच दिसून राहिले काय?"

एकदा त्यांनी खरोखरच चार मण कापूस ओसरीवर ओतला. दोन दिवस आम्ही रेचा फिरवून सरकी वेगळी केली. रुई बावन्न शेर भरली. मणाला तेरा! भाऊजी नाचले. आतून बहीण म्हणाली, "गणित झालं असन तं सरकी उचला. मले चूल सापडून नाही राहिली."

परीक्षेत कापूस आलाच नाही. एका वर्गात तीस मुले, सरासरी वय आठ. दुसऱ्यात दहा मुले, सरासरी बारा. तर सगळ्यांची सरासरी काढा. बोरू दहाकडे वळलाच होता. मग मी मुले दोन गाड्यांत भरली आणि 'नऊ' लिहिले.

भाऊजी बाजार बुडवून सकाळपासून परीक्षेच्या कचेरीबाहेर उभे होते. उत्तर ऐकून त्यांनी डोळे मिटले, बोटे मोजली आणि पगडी उडवली.

"झुकला रे गडी जड बाजूले!" मग एकदम काळजीत पडून म्हणाले, "पन त्यायनं वरवरचीच पोरं तं नाही पाह्यली?"

जागा मला मिळाली. अजून मी त्याच शाळेत आहे. भाऊजी गेल्यापासून बहीण माझ्याकडे राहते. एखाद्या मुलाचे उत्तर बरोबर आले की मी पगडी उडवत नाही, नुसते "बरोबर" म्हणतो आणि पुढचे गणित घालतो.