पडवीतला हंडा

मुरबाडला एका संस्थेच्या कपाटात एक नोंदवही आहे. तिच्यात माझ्या नावापुढे लिहिलं आहे, 'मदतनीस बाई कामात कुचराई करते. पाणी घरात आणून ठेवत नाही.' खाली माझी सही. सही मी अजूनही झोकात करतो, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढून. त्या पानावर ते शेपूट चांगलंच उठून दिसतं.

आमचं गाव धसईच्या पुढे. बायको जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा वाशिंदला कारखान्यात, एका खोलीत त्याची चार माणसं. तो 'या ना इकडे' म्हणतो, मी 'येईन' म्हणतो, आणि दोघंही सुटल्यासारखे फोन ठेवतो. माझी कंबर गेलेली. अशा एकट्या, पिवळ्या रेशनकार्डवाल्या म्हाताऱ्यांसाठी संस्थेनं योजना काढली. आठवड्यातून दोनदा गावातलीच बाई येणार, पाणी भरणार, झाडलोट करणार, कपडे धुणार. पगार तिला संस्था देणार, आम्हाला सगळं फुकट. फॉर्म भरताना मी कंबर जरा जास्तच वाकवली होती. तेवढं मी स्वतःला माफ केलंय. पुढचं नाही.

पहिल्या सोमवारी बाई आली. ओढ्यापलीकडच्या बौद्धवाड्यातली, पंचेचाळिशीची, चपळ. डोक्यावर हंडा, काखेत कळशी, अशी पडवीत चढली आणि सरळ चुलीकडच्या दाराला निघाली.

"राहू दे, राहू दे! इथंच ठेव पडवीत. आत मी नेतो."

ती थांबली. "बाबा, तुमची कंबर धरलीय म्हनून मला धाडलंय नं? मग तुमी कशाला उचलता?"

"तसं नाय गो. बायकोच्या माघारी तिच्या चुलीपाशी कोण गेलेलं मला बघवत नाय."

बोलताना मी डोळेही पुसले. मी इतका चांगला नट आहे हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. बायको असती तर हसून लोळली असती. भाताच्या आवणीला ती याच बाईच्या आईबरोबर बांधावर बसून एकाच टोपातला चहा प्यायची, आणि घरी येऊन मला मुद्दाम सांगायची.

बाईनं हंड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हंडा पडवीत ठेवला. तिला सगळं कळलं होतं. मला वाटलं, जमलं.

खरं तर मी गावातला सुधारलेला माणूस. तंटामुक्ती समितीवर होतो. बौद्धवाड्याची जयंतीची मिरवणूक आमच्या आळीतून जायची तेव्हा टेबल मांडून सरबत वाटायचो. फोटोही आहे. त्यांना माझ्या हातचं पाजताना मला फार मोठं वाटायचं. त्यांच्या हातचं मी कधी प्यालो नाही, हे मात्र कधी ध्यानात आलं नाही.

तर योजना सुरू झाली आणि माझं काम वाढलं. बाई यायच्या आधी उठून मी भांडी घासून पालथी घालायचो, म्हणजे ती घासायला म्हणून आत शिरायला नको. ती गेली की हंड्यातलं पाणी तांब्यातांब्यानं आत न्यायचो. पाणी तेच, हंडा तोच, तिच्याच डोक्यावरून आलेला. फक्त उंबरठा ओलांडताना हात माझे हवेत. यात काय तर्क होता ते मला आजही सांगता येणार नाही.

शेजारची वहिनी कुडाच्या कुंपणावरून बघायची. "काय भावोजी, योजना कोनासाठी हाय? ती गेली का तुमी सुरू!"

ऐन उन्हाळ्यात एकदा मी कंटाळा केला आणि अख्खा हंडाच उचलला. उंबरठ्यावर कंबरेत कळ आली. हंडा चुलीवर, मी जमिनीवर. वहिनीनं आणि तिच्या मुलानं उचलून बाजेवर टाकलं.

दोन दिवसांनी संस्थेची ताई वही घेऊन बघायला आली. बाई अंगणात माझीच चादर वाळत घालत होती.

"आजोबा, हंडा तुम्ही का उचललात? बाई पाणी आत आणून ठेवत नाहीत?"

"नाय आणत," मी म्हणालो. "पडवीतच ठेवते."

शब्दन् शब्द खरा. इतकं खरं बोलून इतकं खोटं सांगता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. ताईनं लिहिलं, मी शेपूट काढून सही केली. बाईनं चादर ओढून सारखी केली, चिमटे लावले, बादली पालथी घातली आणि गेली.

पुढच्या आठवड्यात संस्थेनं तिच्याकडची कामाची पाचही घरं काढून घेतली. बदली बाई मिळाली नाही. ती मुरबाडला बांधकामावर रेती वाहायला जाऊ लागली, हे वहिनीकडून कळलं. मी हळहळलो. हळहळायला कंबर लागत नाही.

पाऊस सरत आला तेव्हा वरच्या आळीतली म्हातारी काठी टेकत माझ्या दारी आली. डोळ्यांनी अधू, आमच्याच भावकीतली, नात्यानं माझी चुलती.

"तुझ्याकडं येते का रे ती बाय?"

"नाय येत. का गो काकी?"

"मला भाकरी थापून द्यायची. आता पोळतो रे हात." तिनं तळवा पुढे केला. "कोन मेल्यानं तिच्या नावानं लिवलं, काय म्हाईत."

काकी माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, सोवळंओवळं बघत वाढलेली, आणि तिच्या तव्यावर या बाईची भाकरी भाजत होती. सुधारलेला मेला मी, तिच्यापुढे बसलो होतो. तिला दिसत नव्हतं हे बरं झालं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं मुरबाड गाठलं. ताई म्हणाली, "नोंद बदलायची तर कारण लिहून द्या."

मी लिहिलं, 'गैरसमजुतीने.' ताईनं वाचलं. "गैरसमज कुणाचा?"

दुसऱ्या कागदावर लिहिलं, 'आमच्या घरच्या रीतीप्रमाणे.' तिनं विचारलं, "कुठली रीत?"

तिसऱ्या कागदाला फार वेळ लागला. 'बाई बौद्ध आहे म्हणून मीच तिला आत येऊ दिलं नाही. तिचा दोष नाही.' सही केली. शेपूट काढायचं राहिलं.

महिन्याभरात बाईला घरं परत मिळाली. पाच नाहीत, चार. "बाबांचं नको," एवढंच तिनं संस्थेत सांगितलं.

आता मी छोटी कळशी घेऊन बोरिंगवर जातो. परवा तिथं ती काकीचा हंडा भरत होती. मी मागे उभा राहिलो. तिचं झालं, आणि तिनं न विचारता माझी कळशी नळीखाली ओढून भरली.

"बाबा, आत नेऊन ठेवू का?" सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात.

बायका वळून बघू लागल्या. "ठेव," मी म्हणालो. "चुलीपाशी ठेव."

"नाय जमायचं. काकीच्या भाकऱ्या हायेत." तिनं हंडा डोक्यावर घेतला. "तुमी घ्या. तुमाला सवय हाय."

बायका खो-खो हसल्या. सर्वांत मोठ्यानं आमची वहिनी. मी कळशी उचलली आणि घराकडे निघालो.