उजव्या खांद्याची बाई

प्रमिलाताई बाईमाणसाच्या तोंडाकडे आधी पाहत नसत, खांद्यांकडे पाहत. जळगाव जामोदच्या बसस्टँडसमोर माझं फ्लेक्स छापण्याचं दुकान आणि भिंतीला भिंत लागून त्यांचं शिवणकाम. बाजाराच्या दिवशी एस.टी. रिकामी होऊ लागली की त्या मशीन थांबवून दारात येत. "पाहा भाऊ, ते हिरव्या लुगड्यावाली. डावा खांदा वर, अन् पदर कसा वढून वढून धरून राह्यली." मला वाटे, शिवणाऱ्याची नजर, ती कापडाच्या पलीकडे जाते कुठे! बरीच वर्षं मी असाच शहाणा होतो.

मग एकदा त्यांनीच सांगितलं, मशीनवरून मान वर न करता. अकोल्याला ऑपरेशन करून त्यांचा डावा स्तन काढला होता. त्या जागी घालायला तिथे मिळालेला रबरी आकार उन्हाळ्यात घामानं चिकटे. नातवाच्या राईच्या उशीवरून त्यांना सुचलं: मऊ सुती पिशवी, आत कापूस, तळाशी वजनाला मूठभर मोहरी, आणि ती ठेवायला ब्लाउजला आतून खिसा. "वजन गेलं का बाई वाकडी होते भाऊ. खांदा आधी, मन मांगून." दवाखान्यात ओळख झालेल्या दोघीतिघींना त्यांनी तशा पिशव्या शिवून दिल्या. पण त्यांचा जीव अडकला होता तो न आलेल्यांमध्ये. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमध्ये ऑपरेशननंतर उंबरा न ओलांडलेल्या बायका आहेत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी आपला धंदेवाईक. म्हटलं, चौकात फ्लेक्स लावू. त्या हसल्या. "फ्लेक्सखालून बाई मान खाली घालून जाईन. फोन कसा, हातात लपते. फोनवरच टाका."

तिथून आमची वरात निघाली. ताईंच्या नावानं मी फोनवर एक पान उघडलं आणि त्यावर जाहिरात टाकली: 'तुमचं स्तनाचं ऑपरेशन झालंय का?' ती एक दिवस चालली आणि कंपनीनं बंद केली. कारण, प्रौढ मजकूर. फोटोत काय होतं, तर वर्तमानपत्रावर ठेवलेली पिशवी! मी तो फोटो हटवून फुलाचं चित्र लावलं, 'स्तन' हा शब्द गाळला. मग दुसरं कारण आलं: वाचणाऱ्याला तिच्या आजाराबद्दल असं थेट विचारता येत नाही.

"काऊन?" ताई म्हणाल्या. "बिमार बाईले बिमार बाईनं विचारू नाही का?"

ज्यांनी हे ठरवलं त्यांच्याशी बोलायची सोयच नव्हती.

पण त्या एका दिवसात एक निरोप आला होता. नावाच्या जागी नुसतं 'आई', आणि जास्वंदीचं चित्र. "ताई, मले उजव्या बाजूचं पाह्यजे. वैशाखात पोरीचं लगन हाये. चार लोकांत उभं राह्याचं हाये." गाव आणि नंबर कळवा, असं मी लगेच लिहिलं. ताईंनी तर उत्तराची वाट न पाहता कापड बेतायला घेतलं. त्यांना घाई होती. आजार परतून मणक्यात उतरल्याचं त्यांना त्याच आठवड्यात कळलं होतं.

निर्णयाचा फेरविचार हवा असेल तर पुरावा जोडा, असं एका कोपऱ्यात लिहिलेलं सापडलं. मी म्हटलं, दवाखान्याचा कागद जोडू. "कागद कोन वाचते भाऊ? तिथं कोनी बाईमाणूस असंन. तिले पाहून समजंन." त्या घरी गेल्या आणि सुनेकडून छातीवरच्या व्रणाचा फोटो काढून घेऊन आल्या. डॉक्टरांखेरीज तो व्रण त्यांनी कुणाला दाखवला नव्हता, नवऱ्यालाही नाही. मी मान फिरवून तो पाठवला. ही यंत्रं कशी चालतात ते मला ठाऊक होतं, रोजची डोकेफोड माझी. पण त्यांच्या तोंडावर नाही म्हणवलं नाही. हा गुन्हा माझा आहे.

समोरचा चहा संपायच्या आत उत्तर आलं. नग्नता; खातं कायमचं बंद. पान गेलं, त्यावरचा निरोप गेला. 'आई'नं गाव कळवलं होतं की नाही, तेही कळायला मार्ग उरला नाही.

"कोनी पाह्यलं असंन भाऊ?"

"माणसानं नाही ताई. मशीननं."

त्या सुपातली मोहरी निवडू लागल्या. मग म्हणाल्या, "मंग लाज वाया गेली म्हना."

मी माझ्या नावानं पुन्हा खटपट केली, तेही खातं बंद झालं. वैशाख आला आणि गेला. ताई अंथरुणाला लागल्या. आषाढात मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी उशाखालून एक पिशवी काढली, उजव्या बाजूची. "अंदाजानं शिवली. लगन झालं असंन तिच्या पोरीचं, पन तिले तं अजून जगाचं हाये ना. आली तं मोहरी कमी-जास्त करून द्या. एका बाजूनं कच्चीच टाचली मी." त्यानंतर चार दिवसांनी त्या गेल्या.

ती पिशवी माझ्या दुकानातल्या खालच्या खणात आहे. बाजाराच्या दिवशी एस.टी. रिकामी होते तेव्हा मी दारात उभा राहतो आणि बायकांचे खांदे पाहतो. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. परवा एक दिसली. उजवा खांदा वर, पदर मुठीत घट्ट धरलेला. मी खण उघडला, पायऱ्याही उतरलो. पण परक्या पुरुषानं तिला काय म्हणून विचारायचं? मी पिशवी हातात घेऊन उभा राहिलो आणि ती जीपमध्ये बसून निघून गेली.